पिकअप हवा की अ‍ॅव्हरेज?

गाडी ट्यूनिंगला देताना गिऱ्हाईक आजही तेच सांगतं: पिकअप वाढवा, पण अ‍ॅव्हरेज पडू देऊ नका. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळात हे ऐकून आमचे वस्ताद नुसते हसायचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या त्या १०८९ सीसी इंजिनाचं ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटरचे जेट, मिक्श्चर स्क्रू आणि डिस्ट्रिब्युटर, बस. वस्ताद आधी प्लग काढून बघत. भाजलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर ठीक. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरका असेल तर कमी. मग डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो केसभर फिरवायचा आणि गाडी कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरवर ओढायची. तडतड ऐकू आली, की टायमिंग जरा मागे. या बाबतीत त्यांच्या कानापुढे मी अजूनही कुठल्याही स्कॅनरला उभं करणार नाही.

पण तो मेळ एकाच हवेचा. मुंबईत सेट केलेली गाडी महाबळेश्वरला काळा धूर सोडायची, कारण वर हवा विरळ आणि जेट तेवढाच.

कॉम्प्युटर आला तो वेगासाठी नव्हे, धुरासाठी. परदेशात बॉशची मोट्रॉनिक १९७९ मध्येच बीएमडब्ल्यूत बसली होती. आपल्याकडे वेळ आली १९९५ नंतर. त्या वर्षी चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आणि नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीत युरो नियमांची घाई केली. कन्व्हर्टर नीट चालतो तो एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असेल तेव्हाच, आणि हे प्रमाण धरून ठेवणं कार्बोरेटरच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचं ऐकून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय' अशी अक्षरं झळकू लागली आणि आमची जेटची डबी माळ्यावर गेली.

ईसीयूच्या पोटात तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड. प्रत्येक चौकटीत इंधन किती, ठिणगी किती अंश आधी. रिमॅप म्हणजे या चौकटींतले आकडे बदलणं. कंपनी ते हात राखून भरते. भेसळीचं इंधन, नागपूरचा मे महिना, फिल्टर न बदलणारे मालक, सगळ्यांचा हिशेब त्यात धरलेला असतो. ट्यूनर हीच राखीव शिल्लक खर्च करतो, आणि गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही.

अ‍ॅव्हरेजच्या छापील आकड्याचीही गंमत आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था आहे. तिथे गाडी रोलरवर ठरलेल्या चक्रात चालते, फार तर ताशी ९० किमी, तीही हळुवार. पाय दाबून चालवल्यावर लागणाऱ्या चौकटींना त्या चाचणीत कुणी शिवतही नाही.

रिमॅपचे खरे सुगीचे दिवस आणले १.३ मल्टिजेटने. १२४८ सीसीचं हे डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. स्विफ्टमध्ये, व्हिस्टात, लिनियात तेच. कुठे ७५ अश्वशक्ती, कुठे ९०. 'नुसतं सॉफ्टवेअर बदललं की ९०,' असं बाजारात छातीठोक सांगत. ९० वाल्याला टर्बोच वेगळा, पात्यांचा कोन बदलणारा, हे सोयीने गाळून. तरी रिमॅपने टर्बो डिझेलचा टॉर्क वाढतो, चढाला गिअर कमी वेळा पाडावा लागतो, आणि शांत चालवणाऱ्याला थोडं अ‍ॅव्हरेजही मिळतं. बिनटर्बो पेट्रोल गाडीत मात्र पैसे घालू नका, हाती फारसं लागत नाही. आणि सपाट रस्त्यावर ताशी ८० ला छोट्या गाडीला लागतात दहा-पंधरा अश्वशक्ती. इंजिन ७५ चं असो की ९० चं, रस्ता तेवढीच मागतो. उरलेली ताकद वापरली, की डिझेलही तेवढंच जास्त जातं.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा हे धुराचं मानक लागू झालं आणि हे इंजिन नव्या गाड्यांतून गेलं. मारुतीने तर डिझेलच सोडलं. आता गॅरेजात लॅपटॉप लागतो तो छोट्या टर्बो पेट्रोलना.