अटलांटिकपार कामाच्या शोधांत

परदेशीं कायमचें राहावयास जाण्यापूर्वीं तेथें काम मिळतें कीं नाहीं तें पाहून यावें, हा विचार शहाणपणाचा खरा. घरांतील कर्त्या पुरुषानें एकट्यानें पुढें जावें, कोठेंतरी पाठ टेकावी, चार पैसे गांवीं धाडावेत आणि जम बसला म्हणजे बायकामुलांना बोलवावें, हा रिवाज कोंकणांतून मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. परंतु या साध्या व्यवहारांत कायद्यानें हात घातला म्हणजे त्याची काय गत होते, हें पाहावयाचें असेल, तर दक्षिण इटलीहून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेल्या मजुरांची हकीकत पाहावी.

अमेरिकेचें धोरण आरंभीं अगदीं उलट होतें. यादवी युद्धामुळें माणसांची वाण पडली, तेव्हां १८६४ मध्यें तेथील काँग्रेसनें मजुराशीं परदेशांतच करार करण्यास मोकळीक दिली. मालकानें भाडें आगाऊ भरावें आणि मजुरानें बारा महिन्यांपर्यंतच्या मजुरींतून तें फेडावें, अशी ती तजवीज होती. हा कायदा १८६८ मध्यें रद्द झाला. करार करण्याची चाल मात्र राहिली. संप फोडण्यासाठीं व मजुरीचे दर पाडण्यासाठीं परदेशी मजूर आणवले जातात, ही तेथील कामगारांची तक्रार होती व ती सर्वस्वीं खोटी नव्हती. ‘नाइट्स ऑफ लेबर’ या संघटनेनें ती लावून धरली. ओहायो संस्थानाचे प्रतिनिधि मार्टिन फोरन हे स्वतः पूर्वीं पिंपें बांधणाऱ्या कारागिरांचे पुढारी होते. त्यांनीं बिल मांडलें आणि २६ फेब्रुवारी १८८५ रोजीं त्याचा कायदा झाला. परदेशांत आधीं करार करून मजूर आणणाऱ्यास एक हजार डॉलर दंड, आणि जाणूनबुजून तो उतरविणाऱ्या कप्तानास माणशीं पांचशें. नट, गवई, व्याख्याते, घरगडी वगैरेंना सूट.

कायद्याचा रोख मालकावर होता, पण बोजा पडला तो मजुरावर. १८९१ च्या कायद्यानें, जो सरकारवर भार होईल असें वाटेल त्यालाही दार बंद झालें. म्हणजे काम आधीं ठरवून आलास तर परत जा. आणि काम करून पोट भरशील अशी खात्री पटली नाहीं तरीही परत जा! १ जानेवारी १८९२ रोजीं न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावरची कचेरी उघडली. तेथें तपासनिसासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला दोनचार मिनिटांत या दोन खडकांमधून आपलें तारूं न्यावें लागे. ‘तुझें काम ठरलें आहे काय?’ या प्रश्नाला, मामानें रेल्वेच्या रस्त्यावर जागा धरून ठेविली आहे, असें भाबडेपणानें सांगणारा चौकशी मंडळापुढें जाई. जुना प्रवासी नवख्याला पढवून ठेवी : हात धड आहेत, नातेवाईक आहे, काम ठरलेलें नाहीं. खरें बोलणारा अडकावा आणि पढविलेला सुटावा, अशी ही परीक्षा होती.

याच सुमाराची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चनें १८८७ मध्यें इंग्लंडांतील एका धर्मगुरूशीं करार करून त्यांस आणविलें. कायद्याच्या अक्षराप्रमाणें हा गुन्हाच. खालच्या कोर्टानें दंडही ठोठावला. १८९२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल फिरविला व कायद्याचा हेतु अंगमेहनतीचे मजूर रोखण्याचा आहे, असें ठरविलें. शब्दांपलीकडचा हेतु पाहण्याची ही उदारता कुदळ धरणाऱ्याच्या वांट्याला आली नाहीं.

करार बंद झाले तरी मध्यस्थ गेले नाहींत. इटालियन वस्त्यांतून ‘पद्रोने’ नांवाचा मुकादम असे. बोटीवरून उतरलेल्या माणसाला तो कामावर लावी व त्याबद्दल दस्तुरी घेई. कामाच्या ठिकाणीं त्याच्याच दुकानांतून चढ्या भावानें शिधा घ्यावा लागे. पण गांवची बोली बोलणारा, पत्र लिहून देणारा, घरीं पैसे पोंचविणारा तोच. म्हणून त्याला नुसता लुटारू म्हणूनही चालत नाहीं. पैशांच्या या वाटेवरील लूट थांबावी म्हणून इटलीनें १९०१ मध्यें ‘बांको दि नापोली’ या पेढीकडे परदेशस्थांच्या हुंड्यांचें काम सोंपविलें.

पुष्कळजण कायमचे राहावयास जातच नसत. अर्जेंटिनांत गव्हाच्या कापणीसाठीं उत्तरेच्या हिवाळ्यांत जाऊन वसंतांत परतणाऱ्या इटालियनांना तेथें ‘गोलोंद्रिना’, म्हणजे पाकोळी, म्हणत. अमेरिकेंतही तसेंच झालें. १९०७ मध्यें तेथें १२ लाख ८५ हजारांहून अधिक लोक उतरले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत पेढ्या कोसळल्या, कामें थांबलीं, आणि जून १९०८ ला संपलेल्या सरकारी वर्षांत सुमारें ३ लाख ९५ हजार लोक माघारे गेले. मागें गांवांत राहिलेल्या बायकांना इटलींत ‘पांढऱ्या विधवा’ म्हणत. नवरा जिवंत, पण घरांत नाहीं. शेत, कर्ज, सासूसासरे सारें तिच्या माथीं.

हें येणेंजाणें १९२४ च्या कायद्यानें मोडलें. इटलीच्या वांट्याला वर्षाला ३,८४५ जागा आल्या. काम पाहावें, न जमल्यास परतावें, पुन्हां नशीब काढावें, ही सोय उरली नाहीं. तिकडे असलेल्यानें नागरिकत्व मिळविलें, तरच बायको व अठरा वर्षांखालील मुलें कोट्याबाहेर येऊं शकत. त्यासाठीं पांच वर्षांचा वास हवा. कित्येक घरांतील वाट पाहणें त्यामुळें वर्षावर्षांनीं लांबलें.

फोरनसाहेबांच्या कायद्यांतील कराराची बंदी १९५२ मध्यें उठली. १९६५ च्या कायद्यानें तर कामासाठीं येऊं पाहणाऱ्या बहुतेकांना त्या जागेसाठीं अमेरिकन कामगार मिळत नाहीं, असें मजूरखात्याचें प्रमाणपत्र आवश्यक केलें. आणि तें मिळावयाचें तर मालकानें जागा आधींच देऊं केलेली असावी लागे. एलिस बेटावरची कचेरी त्यापूर्वींच, १९५४ मध्यें, बंद झाली होती.