अंबरनाथचं देऊळ आणि मासाच्चोची भिंत

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी ओलांडून पलीकडे गेलं की सांता मारिया देल कार्मिने नावाचं चर्च लागतं. बाहेरून अगदी ओबडधोबड. आत उजव्या हाताला ब्रांकाच्ची चॅपेल, आपल्या वन-बीएचकेत मावेल एवढं. ऑनसाइटला असताना एका वीकेंडला तिथे गेलो होतो. ठरावीक वेळेचं तिकीट काढायचं, बघायचं, बाहेर पडायचं.

भिंतींवर ओल्या गिलाव्यात रंगवलेली चित्रं. 1425 च्या सुमारास मासोलिनो आणि मासाच्चो या दोघांनी ती सुरू केली. स्वर्गातून हाकलल्यावर तोंड उघडून रडणारी ईव्ह मासाच्चोची. त्याआधी असं रडणं कोणी भिंतीवर काढलं असेल असं वाटत नाही. पठ्ठ्या 1428 मध्ये गेला, जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. (आपण त्या वयात अप्रेझलची वाट बघतो. असो.) अपुरं काम पुढे 1480 च्या दशकात फिलिप्पीनो लिप्पीने पूर्ण केलं. मधल्या आणि नंतरच्या काळात तरुण चित्रकार इथे येऊन या चित्रांच्या नकला उतरवत बसायचे. त्यात मायकेलअँजेलोही होता. तोरिजानो नावाच्या सोबत्याने ठोसा मारून त्याचं नाक मोडलं, ते याच वयात. म्हणजे चॅपेल कसलं, चक्क आर्ट स्कूल!

आता आमच्या अंबरनाथला या. मी बदलापूरचा, त्यामुळे 'आमच्या' म्हणायला हरकत नसावी. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर मासाच्चोच्या भिंतीपेक्षा साडेतीनशेहून जास्त वर्षांनी जुनं आहे. शके 982 म्हणजे 1060 सालचा, शिलाहार राजा मम्वाणीचा लेख तिथे आहे. शैली भूमिज, मूळची माळव्याकडची. त्या शैलीचं प्रसिद्ध उदयेश्वर मंदिर (विदिशाजवळचं उदयपूर) 1080 मध्ये पुरं झालं, म्हणजे आपलं वीस वर्षं आधीचं. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं. शिखराचा वरचा भाग नाही, त्यामुळे पिंडीवर थेट आभाळ. नाव सार्थ म्हणायचं!

पण खरी मजा बाहेरच्या भिंतींवर आहे. नटेश, गजासुराला मारणारा शिव, देवी, अप्सरा, मधल्या कोपऱ्यांत बारीकसारीक नक्षी. एकेका कोनाड्यापुढे दहा मिनिटं सहज जातात.

आणि इथेही नकला उतरवायला माणसं आली होती! 1868 मध्ये मुंबई सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या लोकांना इथे पाठवलं. त्यांनी मंदिराची रेखाटनं केली, फोटो काढले, शिल्पांचे साचे घेतले. स्कूल सुरू होऊन तेव्हा अकराच वर्षं झाली होती. नक्कल म्हटलं की आमच्या बाजूला लगेच शेजारच्या उल्हासनगरचा 'मेड इन यू.एस.ए.'वाला विनोद निघतो, पण ही नक्कल वेगळी. आमच्या भाषेत हा बॅकअप.

त्या बॅकअपची किंमत फ्लॉरेन्सशी ताडून बघितली की कळते. तिथे 1771 मध्ये चर्चला आग लागली, चित्रांवर काजळी बसली. सतराव्या शतकाच्या शेवटी कोणा सोवळ्या माणसांनी आदम-ईव्हला पानं चिकटवली होती. 1980 च्या दशकात काजळीही काढली, पानंही. खाली मूळ रंग शिल्लक होता, म्हणून जमलं. दगडाचं तसं नसतं. पाऊस हजार वर्षं कोसळतोय, मूर्तींची नाकं, हात गेलेत. झिजलेल्या चेहऱ्याखाली दुसरा चेहरा नसतो. बेसॉल्ट कितीही चिवट असला तरी. मंदिर संरक्षित स्मारक आहे हे खरं, पण बोर्ड लावल्याने पाऊस थांबत नाही. आणि पूजा चालू असलेलं देऊळ काचेत ठेवता येत नाही, ठेवूही नये. महाशिवरात्रीच्या जत्रेत जी गर्दी उसळते ती चॅपेलसारखी छोट्या बॅचने कशी सोडणार?

मला विचाराल तर आपल्या कॉलेजांनी मुलांना इथे वही-पेन्सिल घेऊन दिवसभर बसवावं. मोबाईलच्या फोटोत मूर्तीची खोली येत नाही, हाताने काढताना ती कळते. गेलात तर जत्रा टाळून एखाद्या रविवारी सकाळी जा, आणि उत्तरेच्या दारातून आत शिरल्यावर मागे वळून दारावरच्या पट्टीकडे बघा. शके 982 चा लेख तिथेच, आतल्या बाजूला.