यंत्रराज ते नक्षत्रचक्र



आकाशाचा नकाशा हाती धरून ताऱ्यांची ओळख करून घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयास असलेल्या महेंद्रसूरी या जैन पंडिताने 1370 साली ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पश्चिमेकडून आलेल्या ॲस्ट्रोलेब या पितळी यंत्राचे त्यात विवेचन आहे. या यंत्रात ताऱ्यांची जाळीदार तबकडी, म्हणजे भपत्र, अक्षपत्रावर फिरे. अक्षपत्र मात्र प्रत्येक अक्षांशासाठी वेगळे असे. आजचे नक्षत्रचक्र हे त्याच यंत्राचे साधे वंशज होय. पितळ गेले, पुठ्ठा व प्लॅस्टिक आले. अक्षांशाचा नियम मात्र सुटला नाही.

तो विसरल्यास काय होते, हे मी विद्यार्थिदशेत अनुभवले आहे. एका शाळेच्या कपाटात पुठ्ठ्याचे विलायती नक्षत्रचक्र होते; सुमारे 50 अंश उत्तर अक्षांशासाठी आखलेले. बेळगाव 16 अंशांच्या किंचित खाली, निपाणी किंचित वर. त्या चक्राप्रमाणे ध्रुव क्षितिज आणि माथा यांच्या मध्याहूनही उंच असावयास हवा. आपल्याकडे तो जेमतेम 16 अंशांवर असतो. अगस्त्य तर त्यावर नव्हताच! लंडनच्या क्षितिजावर तो कधी उगवत नाही. येथे तो दक्षिणेस 21 अंशांपर्यंत चढतो. तारा समोर लखलखत असता, छापील वस्तूवर नाही म्हणून आम्ही स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखविला. पुढे दोन पावसाळ्यांत पुठ्ठा फुगला, मधली खीळ सैल झाली आणि चक्र निकामी झाले. त्याचे मला दुःख नाही. त्या अविश्वासाचे आहे.

हे दुःख अधिक अशासाठी की, या परिसराची परंपरा वेगळी आहे. बेळगावात शिकलेले व्यंकटेश बापूजी केतकर (1854–1930) यांनी शाळाखात्यात शिक्षकी करीत ‘ज्योतिर्गणितम्’सारखा ग्रंथ सिद्ध केला आणि मराठी वाचकांसाठी ‘नक्षत्रविज्ञान’ लिहिले. त्यांचे समकालीन शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास 1896 साली प्रसिद्ध झाला. पण सामान्य वाचकाला आकाशाकडे पाहावयास लावण्यासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. दोघेही शिक्षक होते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

मग शाळेने कोणते चक्र घ्यावे? ते 15 ते 20 अंश उत्तर अक्षांशासाठी आखलेले असावे. आपल्या अक्षांशावर एकाच तबकडीत दक्षिणेचे तारे फार ताणले जातात; म्हणून उत्तर व दक्षिण अशी दोन तोंडे असलेले चक्र बरे. दव आणि आपला पावसाळा सोसेल असे जाड प्लॅस्टिक असावे. कडेने ओल शिरणारा पुठ्ठा नको. मधली खीळ घट्ट व नेमकी ध्रुवबिंदूवर असावी, कारण ती सरकली की सारे आकाश सरकते. ताऱ्यांची जुनी स्थाने चुकीची ठरतील ही भीती नको. अयनचलनाने 1 अंशाचा फरक पडावयास सुमारे 72 वर्षे लागतात. चांगले चक्र नातवंडांनाही पुरेल. घड्याळाची मात्र एक दुरुस्ती लक्षात ठेवावी. 1906 साली सुरू झालेली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. आपण त्याच्या 8 अंश पश्चिमेस. म्हणून घड्याळातील वेळेतून 32 मिनिटे वजा करून चक्र लावावे.

आपल्या शेतकऱ्याला मृग पावसावरून ठाऊक आहे. जूनच्या प्रारंभी मृग ‘निघतो’, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. साहजिकच ते तारे तेव्हा दिसत नाहीत. हे कोडे चक्र एकदा फिरविले की मुलास उलगडते, आणि हिवाळ्याच्या रात्री तोच मृग त्याला डोक्यावर सापडतो.

1956 साली राज्यांच्या सीमा बदलल्या. बेळगाव-निपाणीचा अक्षांश बदलला नाही. कृत्तिका, रोहिणी, अगस्त्य ही नावे येथील मराठी आणि कन्नड मुलांची सारखीच आहेत. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या नावे शाळेने असे एक चक्र घ्यावे, आणि ते कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.