चार तासांचा निकष आला कुठून?

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात घोरण्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलं आणि सीपॅप मशीन गळ्यात पडलं, की महिन्याभरानं एक ठरलेला संवाद होतो. “मशीन लावता न्हवं?” “रोज लावतो की!” शेजारी बसलेल्या वहिनी लगेच म्हणतात, “पहाटं काढून ठेवत्यात.” डॉक्टर मशीनमधली नोंद उघडतात आणि निवाडा होतो. पासाची रेघ ठरलेली : रात्री किमान चार तास.

या चार तासांची कुळकथा मोठी गमतीची आहे. १९८० मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे दाबानं हवा सोडून झोपेत घसा उघडा ठेवण्याची युक्ती, म्हणजेच सीपॅप, पहिल्यांदा रुग्णावर वापरली. तोवर झोपेत श्वास अडणाऱ्या गंभीर रुग्णाला खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र. पुढच्या वर्षी पाच रुग्णांचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. गुण त्याच रात्री दिसे. त्यामुळे उपचार लागू पडतो का, हा प्रश्न जणू सुटलाच होता. रुग्ण मशीन लावतो का, याला मात्र त्याचा शब्द हाच पुरावा.

१९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तो शब्द तपासला. ३५ रुग्णांच्या मशीनमध्ये, त्यांना पत्ता लागू न देता, मास्कमधला दाब मिनिटामिनिटाला टिपणारी यंत्रणा बसवली. प्रत्येकावर सरासरी १०६ दिवस नजर. साठ टक्के लोक म्हणत होते, आम्ही रोज लावतो. प्रत्यक्षात सांगितलेला वेळ खऱ्या वेळेपेक्षा सरासरी ६९ मिनिटं जास्त निघाला. मग ‘नियमित’ कुणाला म्हणायचं? संशोधकांनी व्याख्या केली : सत्तर टक्के दिवशी किमान चार तास. त्यात बसले ३५ पैकी १६.

म्हणजे ही रेघ प्रकृती बघून ओढलेली नव्हती, रुग्णांची वर्गवारी करायला ओढली होती. पण आकडा एकदा छापला गेला की त्याला पाय फुटतात. पुढे अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेनं मशीनचे पैसे चालू ठेवण्यासाठी हीच अट घातली.

चार तास पुरतात का, हे २००७ मधल्या एका अभ्यासानं पाहिलं. उत्तर आलं, काय मोजता त्यावर आहे. रुग्णाला स्वतःला जाणवणारी पेंग चार तासांनी उतरते. प्रयोगशाळेत मोजलेली पेंग उतरायला सहा तास लागतात. आणि रोजचे व्यवहार सुरळीत व्हायला साडेसात. जाणवणारी पेंग मोजतात ती एपवर्थ मापपट्टीवर. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेले आठ प्रश्न, गुण २४ पैकी. त्यात एक आहे : दुपारी आडवं झाल्यावर डोळा लागतो का? तांबडा-पांढरा रस्सा ओरपून वामकुक्षी घेणाऱ्या आमच्या गावात या प्रश्नाला शून्य गुण घेणारा माणूस शोधावाच लागेल.

दुसरी फसगत मशीनच्या पडद्यावर असते. श्वास तासाला दोनदा अडखळला, असं तो दाखवतो, पण मशीन चालू होतं तेवढ्याच वेळाचं. समजा, उपचाराविना तासाला चाळीसदा अडखळणारा माणूस आठ तास झोपला आणि चारच तास मास्क लावला; तर अख्ख्या रात्रीची सरासरी तासाला एकवीस. शिवाय स्वप्नांची झोप जास्त असते ती पहाटेकडे, आणि अनेकांचा श्वास त्याच झोपेत सर्वांत जास्त अडतो. वहिनींनी सांगितलेली वेळ नेमकी तीच.