टकळीची पारख

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात चरख्यावर पाने खर्ची पडतात. टकळीच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, कापसाच्या मुलखातले गाव. या जिल्ह्याच्या ठिकाणीच, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकीर हुसेन समितीने कताई अभ्यासक्रमात आणली. लहान मुलांच्या हाताला जमणारे त्यातले साधन म्हणजे टकळी.

शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा, ही गांधीजींची अपेक्षा. प्रा. के. टी. शहांनी परिषदेतच तिला विरोध केला. वाद तत्त्वाचा खराच, पण माझ्या मते व्यवहारात तो टकळीच्या सळईपाशी येऊन ठेपतो. सळई केसभर वाकडी असली की टकळी थरथरते, धागा तुटतो आणि दोष मात्र मुलाच्या हाताला लागतो. विनोबांनी नालवाडीला कताईच्या मजुरीवर जगून पाहिले. अशा हिशोबात प्रत्येक तुटलेला धागा मोजावा लागतो.

म्हणून टकळी घेताना आधी फिरवून पाहावी. टोक एका जागी स्थिर दिसले पाहिजे. चकती मधोमध आणि घट्ट हवी. बारीक सुताला हलकी, जाड्या सुताला जड. पावसाळ्यात लोखंडाला गंज चढला की सुतावर तांबूस डाग पडतात. तेलाचा हात फिरवावा, पण कातायला बसण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून काढावा, नाहीतर तेच तेल सुताला लागते. दप्तरात तशीच टाकली तर टकळी वाकते. बांबूच्या नळीत घातली की वर्षानुवर्षे सरळ राहते.