खानेसुमारी आणि गांवाची शीव

खानेसुमारी म्हणजे माणसें मोजण्याचें काम, अशीच सुशिक्षितांचीही सामान्य समजूत असते. परंतु माणूस मोजण्यापूर्वी तो कोणत्या जागेचा म्हणून मोजावयाचा, हें ठरवावें लागतें. आणि या खटाटोपाचें खरें अवघड अंग तेंच होय. दोन खानेसुमाऱ्यांचे आंकडे शेजारीं मांडून अमुक जिल्हा वाढला, तमुक तालुका ओसरला, असें आपण सहज बोलून जातों. दोन्ही वेळां हद्द एकच होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्या प्रश्नाचें महत्त्व ज्यास पाहावयाचें असेल त्यानें गोदेच्या उत्तर तीरावरील गंगापूर तालुक्याचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास पाहावा.

आपल्याकडे गांव म्हणजे केवळ घरांचा समुदाय, असा अर्थ कधींच नव्हता. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन, या दोहोंस मिळून गांव म्हणत. आणि त्याची शीव सरकारदरबारीं नोंदली जाई ती मुख्यतः साऱ्याच्या वसुलीसाठीं. खानेसुमारीनें हीच शीव आयती उचलली. त्याचे दोन परिणाम झाले. ज्या मौज्यांत एकही चूल पेटत नाहीं, त्यासही गांवांच्या यादींत स्थान राहिलें. अशा गांवास महसुली भाषेंत 'बेचिराग' म्हणतात. तेथील दिवा विझला तरी शीव कायम असते. २०११ च्या गणनेंत भारतांतील गांवांची संख्या ६ लक्ष ४० हजारांच्या वर भरली. त्यांपैकीं सुमारें ४३ हजार गांवें निर्मनुष्य होतीं. दुसरा परिणाम याच्या अगदीं उलट आहे. एखादी वाडी किंवा एखादा तांडा कितीही नांदता असो, त्यास स्वतंत्र महसुली गांवाचा दर्जा नसेल तर तेथील माणसें मूळ मौज्याच्या आंकड्यांत विरून जातात. तांड्यावर किती घरें आहेत, हें मग छापील कोष्टकावरून कळत नाहीं.

निजामाच्या राज्यांत पहिल्या सालारजंगानें १८६५ सालीं जिल्हाबंदी केली, तेव्हां जुन्या सरकार-परगण्यांची जागा जिल्हा व तालुका यांनीं घेतली. तालुका नकाशावर अखंड दिसला तरी कारभारांत तो अखंड नव्हता; खालसा गांवांच्या मध्येंच जहागिरीचीं गांवें विखुरलेलीं असत. १८८१ सालीं हैदराबाद संस्थानांत पहिली पद्धतशीर खानेसुमारी झाली. त्यापुढें तालुक्याची लोकसंख्या सांगतांना ती जहागिरींसह कीं जहागिरीं वगळून, हा खुलासा आवश्यक झाला. दक्षिणेस तर गोदावरी हीच दोन सत्तांची सीमा होती. अलीकडे गंगापूर तालुक्यांतील कायगांव; पलीकडे नेवासें तालुक्यांतील टोकें व प्रवरासंगम. पर्वणीस एकाच संगमावर स्नान करणारे हे लोक, पण एका तीरावरचे हैदराबादच्या अहवालांत व दुसऱ्या तीरावरचे मुंबई इलाख्याच्या अहवालांत मोजले जात. १९४९ मध्यें जहागिरी संपल्या, १९५० मध्यें प्रांतांच्या पोटांत अडकलेले परक्या मुलखाचे तुकडे ज्याच्या त्याच्या शेजाऱ्यांत विलीन झाले, आणि १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, तेव्हां कोठें दोन्ही तीर एका राज्याच्या कोष्टकांत आले.

यावरून आंकड्यांतील चढउतारांचे तीन प्रकार वेगळे करतां येतात. पहिला, माणसेंच कमी होण्याचा. औरंगाबाद जिल्ह्यांत १८९१ सालीं आठ लक्षांहून अधिक लोक होते. १९०१ मध्यें ते सव्वासात लक्षांच्या आंत आले. मध्यें १८९९-१९०० चा दुष्काळ होऊन गेला होता, आणि त्या घटीमागें खरोखरच ओस पडलेलीं घरें होतीं. दुसरा प्रकार, रेघ सरकण्याचा. १९८१ ची गणना आटोपून थोडे आठवडे होतात तोंच १ मे रोजीं जालना जिल्हा औरंगाबादेपासून वेगळा झाला. १९७१ आणि १९९१ चे मूळ आंकडे तसेच ताडून पाहणारास औरंगाबाद जिल्ह्याची वाढ खऱ्याहून कितीतरी कमी दिसेल. वस्तुतः या विभागणीपायीं एकाही माणसास घर सोडावें लागलें नव्हतें. तिसरा प्रकार, रेघ जागींच राहून माणसें हलण्याचा. १९६५ सालीं पायाभरणी होऊन १९७६ मध्यें पैठणच्या जायकवाडी धरणाचें उद्घाटन झालें. त्याच्या जलाशयाखालीं गंगापूर, पैठण, नेवासें, शेवगांव या तालुक्यांतील जमीन गेली आणि कित्येक गांवांची पांढरी उठून दुसरीकडे बसली. या तिन्ही गोष्टी कोष्टकांत सारख्याच दिसतात, म्हणून गणनाधिकारी जुने आंकडे नव्या हद्दींस जुळवून पुन्हां प्रसिद्ध करतात. परंतु ती जुळणी जिल्ह्यापुरती साधली तरी एकेका वाडीपर्यंत पोंचत नाहीं.

आज हा प्रश्न सर्वांत तीव्रतेनें उभा आहे तो वाळूजच्या बाजूस. तेथील औद्योगिक वसाहतींत १९८५ मध्यें बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि भोंवतालच्या शेतांत कामगारांचीं घरें उठलीं. ही वस्ती गंगापूर व औरंगाबाद अशा दोन तालुक्यांत पसरली. तालुक्याची रेघ तिच्या मधूनच जाते. खानेसुमारीनें १९६१ पासून नगराची कसोटी स्पष्ट केली आहे: किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरास किमान ४०० माणसें, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकीं किमान तीन-चतुर्थांश शेतीबाहेरच्या उद्योगांत. या कसोटीस उतरणारें वडगांव कोल्हाटी गणनेच्या यादींत नगर ठरलें, परंतु त्यामुळें त्यास नगरपालिका मिळाली नाहीं. तो अधिकार राज्य सरकारचा. देशांत अशीं नगरें २००१ मध्यें १,३६२ होतीं, तीं २०११ मध्यें ३,९०० च्या घरांत गेलीं. नळ, गटार आणि कचरा यांचा शहरी भार मात्र ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या साधनांवर पडतो. आंकडा म्हणतो हें शहर आहे, दप्तर म्हणतें हें खेडें आहे. आणि भाड्याच्या एका खोलींत राहणारा कामगार या दोहोंच्या मध्यें सांपडतो.

२०२१ ची गणना महामारीमुळें लांबणीवर पडली. पुढील गणनेसाठीं १ मार्च २०२७ ही संदर्भतिथि ठरली असून तीपूर्वीं प्रशासकीय हद्दी गोठविण्यासाठीं ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत नेमण्यांत आली. मोजणी चालू असतां रेघ हलूं नये, हें योग्यच आहे. २०२३ मध्यें जिल्ह्याचें नांव छत्रपती संभाजीनगर झालें, त्यामुळें नव्या कोष्टकांचा मथळाही बदलेल. तीं हातीं येतील तेव्हां वाचकांनीं एकूण बेरजेवर संतुष्ट न राहतां आपल्या परिचयाचें एखादें गांव काढावें, त्याची शीव मागील गणनेंत कोठें होती तें पाहावें, आणि तेथील वाडी-तांडे कोणत्या नांवाखालीं मोजले गेले याची चौकशी करावी. पाणी, शाळा व दवाखाना यांची वांटणी याच आंकड्यांच्या आधारें होते. म्हणून रेघेच्या चुकीची किंमत ज्यांचें नांव यादींत कोठेंच दिसत नाहीं, त्यांसच भरावी लागते.