स्वादुपिंडातल्या गाठीपर्यंत सुईचा प्रवास

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत असते. तिथल्या गाठीचा तुकडा तपासायचा तर पूर्वी बहुधा पोट उघडावे लागे. १९७५ मध्ये डेन्मार्कच्या हँके, होल्म आणि कोच यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पोटाच्या त्वचेतून स्वादुपिंडात बारीक सुई घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मोठेच पाऊल होते ते. तरी आतड्यांतला वायू ध्वनिलहरी अडवी आणि लहान गाठी निसटत.

१९८० च्या सुमारास सोनोग्राफीचा डोळा तोंडावाटे जठरात उतरणाऱ्या दुर्बिणीच्या नळीच्या टोकावर बसला आणि जठरातूनच स्वादुपिंड अगदी जवळून दिसू लागले. पण सुरुवातीच्या दुर्बिणींत चित्र नळीला आडवे, वर्तुळाकार येई. सुई त्यात नुसती ठिपक्याएवढी दिसे, तिचे टोक कुठे आहे हे कळत नसे. स्वादुपिंडाभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या गर्दीत अशी सुई चालवणे धोक्याचे होते. नळीच्या लांबीच्या दिशेने पाहणारी दुर्बीण आल्यावर सुई टोकापर्यंत दिसू लागली. १९९२ मध्ये पेटर विल्मन आणि सहकाऱ्यांनी अशा दुर्बिणीच्या साहाय्याने स्वादुपिंडातून पेशी काढल्याचे प्रसिद्ध केले; सहलेखकांत १९७५ चे हँकेही होते. सुट्या पेशींबरोबरच ऊतीचा सलग तुकडा आणणाऱ्या सुया पुढे आल्या.